मी कोण, कुणी पाठवलं, कशासाठी आलो: माजी सैनिकांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती चॅप्लेनने आपली ओळख कशी द्यावी

रुग्णालयातल्या खोलीच्या दारात अनोळखी माणूस उभा राहिला की माजी सैनिक त्याला एका नजरेत जोखतो. हात कुठे आहेत, गळ्यात काय आहे, काखेत कसली पुस्तकं आहेत, दार मागे उघडं ठेवलं की ओढून घेतलं. कित्येक वर्षं जीव याच नजरेवर वाचलेला असतो, ती नजर निवृत्तीच्या कागदांबरोबर जमा होत नाही. त्या क्षणी तो तोंडाने काही विचारत नाही, पण मनात तीन प्रश्न असतात. हा कोण? याला कुणी पाठवलं? याला माझ्याकडून काय हवंय? आणि तुम्ही "मी चॅप्लेन" म्हणालात की चौथा प्रश्न उभा राहतो, तो सगळ्यात जास्त घाबरवणारा: डॉक्टरांनी माझी आशा सोडली का?

चॅप्लेन म्हणजे चर्चबाहेर, रुग्णालय किंवा सैन्यासारख्या संस्थेत सेवा करणारा पाळक. त्याची ओळख म्हणजे या चार प्रश्नांची खरी उत्तरं. दारातलं पहिलं वाक्य असो, नोकरीचा अर्ज असो, छातीवरचा बिल्ला असो की रुग्णाच्या फाइलमधली नोंद, प्रत्येक ठिकाणी हीच उत्तरं वेगवेगळ्या लांबीत द्यायची असतात. सुशिक्षित, मनापासून सेवा करणारे पाळकही इथेच अडखळतात, कारण मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, पाळकाला ओळख द्यावी लागत नाही. तिथे लोक त्याच्याकडे येतात. इथे आपण दुसऱ्याच्या खाटेपाशी जातो.

ज्या शब्दाने आपली ओळख आहे

सुरुवात या शब्दापासून करतो, कारण माझ्या मते प्रत्येक चॅप्लेनला ही गोष्ट ठाऊक हवी. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन सैनिक होता. परंपरा सांगते की आमिएं शहराच्या वेशीवर थंडीत कुडकुडणारा भिकारी पाहून त्याने आपला झगा तलवारीने कापला आणि अर्धा त्याला दिला. पुढे त्याने सैन्य सोडलं आणि तो तूर शहराचा बिशप झाला. त्याचा तो झगा फ्रँक राजांनी पवित्र ठेवा म्हणून जपला. लॅटिनमध्ये झग्याला "काप्पा" म्हणतात, आणि तो सांभाळणाऱ्या याजकांना "काप्पेलानी" म्हणू लागले. त्यातूनच चॅप्लेन हा शब्द आला. मार्टिनचा सण ११ नोव्हेंबरला असतो. १९१८ मध्ये पहिलं महायुद्ध थांबलं ते त्याच तारखेला, आणि आज अमेरिकेत माजी सैनिकांचा दिवस पाळतात तोही ११ नोव्हेंबरलाच.

म्हणजे आपल्या पदाचं नाव एका माजी सैनिकाच्या झग्यावरून पडलं आहे. तो झगा अर्धाच दिला गेला होता, ही गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. मार्टिनने भिकाऱ्याचं सगळं आयुष्य सावरलं नाही, हाताशी होतं त्यातलं दिलं. स्वतःची ओळख लिहायला बसाल तेव्हा हे आठवा. आपण काय देऊ शकतो तेवढंच सांगायचं.

पहिली पायरी: आपला अधिकार कुठून येतो ते कागदावर मांडा

बोलण्याआधी एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहा: तुमची दीक्षा कोणत्या मंडळीत झाली, तुमच्या मंडळीने या सेवेसाठी तुम्हाला अधिकृत पाठबळ दिलं आहे का, तुमचं धर्मशास्त्राचं शिक्षण किती, आणि रुग्णालयातल्या पाळकीय सेवेचं प्रशिक्षण किती.

दुसऱ्या गोष्टीला इंग्रजी बोलणाऱ्या देशांत एन्डॉर्समेंट म्हणतात, आणि नवख्या लोकांचा गोंधळ तिथेच होतो. दीक्षा मिळाली म्हणजे एन्डॉर्समेंट मिळाली असं नाही. दीक्षा तुम्हाला पाळक बनवते. एन्डॉर्समेंटमधून मंडळी बाहेरच्या संस्थेला सांगते, "हा आमचा माणूस आहे, अमुक ठिकाणी आमच्या वतीने सेवा करायला आम्ही त्याला पाठवतो." अमेरिकेच्या वेटरन्स अफेअर्स विभागात, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी विभागात, चॅप्लेन म्हणून नेमणूक हवी असेल तर हे पाठबळ लागतं, आणि मंडळीने ते काढून घेतलं तर त्या पदावर राहता येत नाही. "कुणी पाठवलं" या प्रश्नाचं अर्धं उत्तर या कागदात आहे. उरलेलं अर्धं उत्तर संस्थेचं: तुम्ही तिथे पगारी कर्मचारी आहात की स्वयंसेवक, की एखाद्या रुग्णाच्या विनंतीवरून आलेले बाहेरचे पाळक. हे तिघे वेगळे आहेत आणि त्यांनी आपली ओळख वेगळी दिली पाहिजे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या स्वयंसेवक पाळकाने "मी इथला चॅप्लेन" म्हटलं की रुग्ण त्याच्याकडे रात्री दोनला हाक मारण्याचा हक्क मानतो, आणि ती हाक रिकामी जाते.

चौथ्या गोष्टीचं नाव क्लिनिकल पास्टरल एज्युकेशन, सगळे सीपीई म्हणतात. १९२५ मध्ये अँटन बॉयसन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा पहिला गट आणला, तिथून या प्रशिक्षणाची परंपरा धरली जाते. बॉयसन स्वतः काही काळ मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहिले होते. माणूस हाही वाचण्याचा एक ग्रंथ आहे असं ते शिकवत. अमेरिकी पद्धतीत सीपीईचं एक युनिट ४०० तासांचं असतं. वेटरन्स अफेअर्स विभागाच्या चॅप्लेनला सहसा धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि दोन युनिटं लागतात. चॅप्लेनांच्या व्यावसायिक बोर्डाचं प्रमाणपत्र घ्यायचं तर चार युनिटं, म्हणजे १६०० तास, आणि त्याशिवाय प्रत्यक्ष सेवेचे २००० तास. दुसऱ्या देशांत आकडे आणि नावं वेगळी असतील. तुम्ही जिथे आहात तिथल्या नियमांत आपण कुठे बसतो ते तपासून घ्या.

हे सगळं लिहून झालं की काही शब्द गाळा. प्रमाणपत्र नसेल तर "प्रमाणित" लिहू नका. समुपदेशनाचा परवाना नसेल तर स्वतःला "समुपदेशक" किंवा "थेरपिस्ट" म्हणू नका, भले तुम्ही दिवसभर लोकांची दुःखं ऐकत असाल. "मनोआघातावर उपचार करतो" हे वाक्य तर मुळीच नको. एका युनिटाचं प्रशिक्षण झालं असेल तर "एक युनिट पूर्ण" असं लिहा. ते दिसायला लहान वाटतं, पण माजी सैनिकांना पदकांच्या फितीतला खरेखोटेपणा लांबून ओळखता येतो, तुमच्या कागदांचाही येईल.

दुसरी पायरी: सैन्याशी आपलं नातं खरं सांगा

पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतोच: "तुम्ही होता का सैन्यात?"

नव्हता, तर उत्तर एका शब्दाचं: "नाही." पुढे लगेच "पण माझे आजोबा होते" किंवा "पण मी खूप वाचलंय" असं जोडू नका. तो "पण" समोरच्याला ऐकू येतो. थोडं थांबा आणि म्हणा, "नाही. त्यामुळे काही गोष्टी मला समजावून सांगाव्या लागतील." अशा उत्तराने माणूस मोकळा होतो. समजावून सांगणारा तो होतो, आणि आजारपणाने त्याच्याकडून जे अधिकार हिरावले गेले त्यातला एक त्याला परत मिळतो.

तुम्ही सैन्यात होता, तर कोणत्या दलात, किती वर्षं, कोणतं काम, इतकंच सांगा. प्रत्यक्ष लढाई पाहिली नसेल तर ती पाहिल्याचा भासही होऊ देऊ नका. खोटी लष्करी सेवा सांगणं हा माजी सैनिकांच्या जगात मोठा कलंक समजतात. खोट्या पदकांच्या जोरावर पैसा किंवा लाभ उकळणं हा अमेरिकेत २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या माणसाने आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट तुमच्या स्वाधीन केली त्याला तुमचं एक खोटं कळलं तर तो तुमच्यापासून तुटेलच, पुढे कुठल्याही पाळकाजवळही बसणार नाही.

हुद्द्याबद्दल थोडं. अमेरिकी सैन्यात चॅप्लेन अधिकारी असतो, पण त्याला "चॅप्लेन" म्हणूनच हाक मारतात. ब्रिटिश सैनिक त्याला "पाद्रे" म्हणतात, आपल्या मराठीतला पाद्री हा त्याच शब्दाचा भाऊ. ब्रिटनच्या नौदलात तर चॅप्लेनला हुद्दाच नसतो. ज्याच्याशी तो बोलतो त्याच्याच हुद्द्याचा तो मानला जातो, अशी तिथली परंपरा आहे. मला ही परंपरा फार मोलाची वाटते. तुम्ही कर्नल म्हणून निवृत्त झाला असाल आणि खाटेवरचा माणूस साधा शिपाई होता, तर तुमचा हुद्दा ओळखीत येऊच देऊ नका. त्याने विचारलं तर सांगा.

तिसरी पायरी: दारातली वीस सेकंदं

इथे थोडं रेंगाळतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

दार वाजवा. आत येण्याआधी विचारा, आणि "नंतर या" म्हणाले तर खरंच नंतर या. रुग्णालयात सुई टोचणाऱ्याला, जेवण आणणाऱ्याला, तपासणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. चॅप्लेनला नाही म्हणता येतं. हा हक्क त्याला वापरता आला ही तुमची पहिली सेवा आहे. आत गेल्यावर दार आणि खाट यांच्या मधोमध उभे राहू नका, बाहेरची वाट त्याला दिसू द्या. खुर्ची असेल तर "बसू का?" विचारून बसा. उभ्या माणसाकडे मान वर करून बोलणं म्हणजे पुन्हा साहेबासमोर हजर होणं.

मग ओळख. माझं स्वतःचं वाक्य असं आहे:

"नमस्कार. मी अमुक, या रुग्णालयातला चॅप्लेन. या वॉर्डात नवीन दाखल झालेल्या सगळ्यांना मी एकदा भेटतो. तुमच्या तब्येतीबद्दल कुणी काही सांगितलंय म्हणून आलो नाही. तुम्हाला काही बोलायचं असेल, काही हवं असेल, नाहीतर नुसतं कुणी बसायला हवं असेल, तर मी आहे."

पहिल्या वाक्यात कोण, दुसऱ्यात कुणी पाठवलं, तिसऱ्यात ती चौथी भीती काढून टाकली, चौथ्यात कशासाठी. डॉक्टरांनी खरोखरच बोलावलं असेल तर तिसरं वाक्य म्हणू नका, ते खोटं ठरेल. तेव्हा म्हणा, "डॉक्टर म्हणाले की हे दोन दिवस तुम्हाला जड गेले. तुम्हाला चालणार असेल तर मी थोडा बसतो."

त्यानंतर विचारा, "तुम्हाला कशी हाक मारू? नावाने, की हुद्द्याने?" काहींना वीस वर्षांनी कुणीतरी "हवालदार" म्हटलेलं हवं असतं. काहींना तो शब्द नकोसा असतो. तुम्ही ठरवू नका.

खोलीत स्त्री आणि पुरुष दोघं बसलेले असतील तर पुरुषालाच सैनिक समजून हात पुढे करू नका. निवृत्त महिला सैनिकांची ही जुनी आणि रास्त तक्रार आहे, प्रत्येक वेटिंग रूममध्ये त्यांना कुणाची तरी पत्नी समजलं जातं. जाण्याआधी यादीत नाव पाहा.

काही वाक्यं टाळा. "मी समजू शकतो" नको, तुम्ही अजून काहीच ऐकलेलं नाही. "देवाची योजना असते" नको, निदान पहिल्या भेटीत नको, आणि ज्याने आपला मित्र गमावला त्याच्यासमोर तर कधीच नको. "देशसेवेबद्दल आभारी आहे" हे वाक्य काहींना सुखावतं. पण ज्याला आपल्या हातून घडलेलं काही आठवून झोप लागत नाही, त्याला ते टोचतं, कारण नेमकं कशाचे आभार मानताय हे तुम्हाला माहीत नसतं. लढाईत काय झालं, कुणाला मारलं का, हा प्रश्न तर तोंडातून निघूच नये.

आणि "मला देवबिव नकोय, पाद्रीबाबा" असं ऐकू आलं तर? दुखावून घेऊ नका आणि हसूनही नेऊ नका. "ठीक आहे. त्याबद्दल मी बोलणार नाही. बसलेलं चालेल का, की जाऊ?" असं विचारा. मला आलेल्या सगळ्यात लांब, सगळ्यात खऱ्या गप्पांपैकी कितीतरी या नकारानंतर सुरू झाल्या आहेत.

चौथी पायरी: ख्रिस्ती असणं लपवू नका, लादूही नका

दोन टोकांच्या चुका होतात. काही जण सगळ्यांना चालेल म्हणून स्वतःला इतकं पातळ करतात की खाटेवरच्या ख्रिस्ती माणसालाही कळत नाही की प्रार्थनेसाठी याला विचारता येईल. दुसरे काही आत येतानाच आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला लागतात. दोन्हींत "याला माझ्याकडून काय हवंय" हा प्रश्न लटकत राहतो.

"मी ख्रिस्ती पाळक आहे. तुमचा विश्वास वेगळा असेल किंवा कसलाच नसेल तरी मी तुमच्यासाठी आहे, आणि तुमच्या धर्माचं कुणी हवं असेल तर बोलावून आणतो." एवढं पुरे. आणि शेवटचा शब्द पाळायचा असतो. त्यासाठी आसपासच्या इमाम, रब्बी, भिक्खू, पंडित, ग्रंथी यांची नावं आणि फोन नंबर आधीपासून तुमच्या वहीत हवेत. ज्या वहीत फक्त आपल्याच मंडळीचे नंबर आहेत ती चॅप्लेनची वही नव्हे. चॅप्लेनच्या व्यावसायिक आचारसंहितांत हे स्पष्ट लिहिलेलं असतं: समोरच्याच्या धर्मस्वातंत्र्याचा मान ठेवायचा, आपली शिकवण किंवा उपासनापद्धत त्याच्यावर लादायची नाही. खाटेला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून हा नियम इतका कडक आहे.

प्रार्थना त्याने मागितली तर प्रभू येशूच्या नावाने मनापासून करा. तो ख्रिस्ती नसेल आणि तरी म्हणाला, "करा तुमच्या पद्धतीने," तर तसंच करा, पण आधी विचारा, "कशासाठी करू?" त्याने सांगितलेल्या शब्दांतच प्रार्थना करा. तो न बोललेला पश्चात्ताप त्याच्या तोंडी घालू नका.

या विषयावर बोलताना मला दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना नेणारं डॉर्चेस्टर जहाज आठवतं. ३ फेब्रुवारी १९४३ ला ग्रीनलंडजवळच्या गोठवणाऱ्या समुद्रात पाणतीराने (टॉर्पेडोने) ते बुडालं. जहाजावर चार चॅप्लेन होते: दोन प्रोटेस्टंट, एक कॅथोलिक, एक यहुदी. जीवरक्षक जाकिटं संपली तेव्हा त्यांनी स्वतःची काढून दिली आणि चौघंही जहाजाबरोबर गेले. जाकीट देताना कुणी कुणाचा धर्म विचारला नाही. त्या चौघांतल्या एकानेही आपला विश्वास पातळ केला नव्हता.

पाचवी पायरी: गुप्ततेबद्दल आधीच सांगा

माणूस बोलायला लागण्याआधी हे सांगायचं असतं, बोलून झाल्यावर नाही. सेवेतल्या सैनिकाला आपल्या लष्करी चॅप्लेनबद्दल ठाऊक असतं की याला सांगितलेलं कुठेही जात नाही. अमेरिकी सैन्यात चॅप्लेनपाशी बोललेलं खरोखरच पूर्णपणे गुप्त राहतं. निवृत्त झाल्यावर तो तोच समज घेऊन रुग्णालयात येतो. तिथला चॅप्लेन उपचार करणाऱ्या चमूचा भाग असतो, भेटीची नोंद करतो, आणि जिवाला धोका दिसला तर त्याला गप्प बसता येत नाही. हा फरक त्याला कुणी सांगितला नाही तर ती फसवणूक होते, तुमच्या मनात तसं नसलं तरी.

आधी आपल्या संस्थेचे, आपल्या मंडळीचे आणि देशातल्या कायद्याचे नियम नीट माहीत करून घ्या. पापकबुलीचा संस्कार देणाऱ्या याजकावर त्याच्या चर्चचं बंधन वेगळं असतं, तेही स्पष्ट हवं. मग साध्या शब्दांत सांगा: "तुम्ही बोलाल ते मी इकडेतिकडे सांगत नाही. भेट झाली एवढी नोंद मी करतो, आणि तुमच्या उपचाराला गरज असेल तेवढंच लिहितो. पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी मदत बोलावणार, आणि तेही तुम्हाला सांगून." काही जण हे ऐकून गप्प होतील. होऊ द्या. जे बोलतील ते जाणूनबुजून बोलतील.

आत्महत्येबद्दल सरळ विचारायला शिका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी ऐकायला तयार आहे हे कळतं. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडून जाऊ नका, प्रार्थना करून निघूनही येऊ नका, तिथेच थांबून उपचार करणाऱ्यांना बोलवा. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी ९८८ वर फोन करून १ दाबायची सोय आहे. तुम्ही जिथे सेवा करता तिथला असा नंबर पाठ हवा आणि तुमच्या ओळखपत्रामागे छापलेला हवा.

सहावी पायरी: लेखी परिचय

संस्थेच्या फलकावर, पत्रकात किंवा नोकरीच्या अर्जात द्यायचा परिचय पाच-सहा वाक्यांचा असतो. बहुतेकांचा पहिला खर्डा असा असतो: "देवाने पाचारण केलेला, तळमळीचा, समर्पित सेवक, जखमी योद्ध्यांच्या मनाला बरं करण्यासाठी आयुष्य वाहिलेला." यातलं एकही वाक्य खोटं नसेल, पण वाचणाऱ्याच्या पहिल्या तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर यात नाही. शिवाय "योद्धा" हा शब्द तुम्ही निवडलाय, त्याने नाही.

त्याऐवजी असं लिहा:

"रेव्हरंड अमुक हे अमुक मंडळीचे दीक्षित पाळक असून मंडळीने त्यांना या रुग्णालयातील सेवेसाठी पाठवलं आहे. त्यांनी सीपीईची दोन युनिटं पूर्ण केली आहेत. गेली सहा वर्षं ते माजी सैनिकांसोबत, विशेषतः अखेरच्या आजारातील रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांसोबत काम करतात. ते स्वतः सैन्यात नव्हते. कोणत्याही धर्माच्या किंवा कोणताही धर्म न मानणाऱ्या व्यक्तीला त्यांना भेटता येतं. सोमवार ते शुक्रवार ते वॉर्डात असतात, इतर वेळी परिचारिकांमार्फत बोलावता येतं."

"ते स्वतः सैन्यात नव्हते" हे वाक्य गाळायचा मोह होईल. राहू द्या.

अर्जासोबतच्या कागदात दीक्षा, पाठबळ, पदवी आणि सीपीई पहिल्या अर्ध्या पानात आले पाहिजेत, निवड करणारे तेच आधी शोधतात. उपदेश किती केले याचा आकडा तिथे कामाचा नसतो. रात्रपाळीची हाक, दुःखितांचा गट चालवणं, अंत्यविधी, इतर धर्मांच्या पुढाऱ्यांशी समन्वय, कर्मचाऱ्यांना दिलेला आधार, हे लिहा. आणि कुठल्याही रुग्णाची गोष्ट, नाव बदलून का होईना, अर्जात घालू नका. तपशिलांवरून माणूस ओळखू येतो, आणि उद्या हा आपल्याबद्दल काय लिहील याची धास्ती वाचणाऱ्याला वाटते.

सातवी पायरी: डॉक्टर-परिचारिकांपुढे

तुमची खरी ओळख त्यांना तुमच्या नोंदींतून होते. "भेट दिली, प्रार्थना केली, रुग्णास बरे वाटले" या नोंदीतून कुणालाच काही कळत नाही. ही नोंद पाहा:

"रुग्णाच्या विनंतीवरून भेट, ४० मिनिटं. पंधरा वर्षांपासून चर्चला जाणं बंद. सेवेत असतानाच्या एका मृत्यूबद्दल स्वतःला दोषी मानतात. स्वतःला इजा करण्याचा विचार येतो का असं विचारलं, नाही म्हणाले. विनंतीवरून स्तोत्र वाचलं. मुलीशी संपर्क व्हावा अशी इच्छा, समाजसेवा अधिकाऱ्यांना कळवण्यास संमती. गुरुवारी पुन्हा भेट."

कुणाचा मृत्यू, कसा, कुठे, हे लिहिलेलं नाही. ते त्याचं आहे. लिहिताना हा माणूस उद्या स्वतःची फाइल वाचेल असं धरून लिहा, पुष्कळ ठिकाणी त्याला तो हक्क असतो.

डॉक्टरांशी बोलताना "नैतिक जखम" ही संज्ञा उपयोगी पडते. स्वतःच्या मूल्यांविरुद्ध आपल्या हातून काही घडलं, घडताना थांबवता आलं नाही, किंवा वरिष्ठांनी विश्वासघात केला, यातून मनाला होणारी ही जखम. १९९० च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात ती मांडली, आणि २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी तिची अधिक काटेकोर मांडणी केली. मनोआघाताच्या मुळाशी भय असतं, इथे अपराध आणि लाज. आपलं काम इथे खरोखर लागतं, कारण क्षमेची भाषा आपल्याकडे आहे. पण निदान करणं आपलं काम नाही. "यांच्या बोलण्यात अपराधभाव फार आहे" एवढं सांगा, आजाराचं नाव त्यांना ठरवू द्या. क्षमेची घाईही करू नका. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ नाही. ते तसंच शास्त्रात ठेवलं गेलं आहे. कधी कधी तेवढंच वाचून पुस्तक मिटावं.

कपडे, बिल्ला आणि इतर

नाव आणि "चॅप्लेन" हा शब्द लांबून वाचता येईल इतका मोठा असावा, वयस्कर माजी सैनिकांची दृष्टी लक्षात घ्या. लहानसा क्रूस चालतो. पाळकाच्या गळपट्टीबद्दल विचार करा: काहींना ती पाहून धीर येतो, तर धर्मसंस्थेत लहानपणी छळ झालेल्या कुणाच्या अंगावर काटा येतो. मी ती उपासनेला आणि अंत्यविधीला वापरतो, वॉर्डात नाही. लष्करी रंगाचे, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे नकोत. बूट मात्र स्वच्छ ठेवा, ते पाहिले जातातच.

समाजमाध्यमांवर चॅप्लेन म्हणून लिहिताना राजकीय पक्षाची बाजू घेऊ नका, तिथलं प्रत्येक वाक्य तुमच्याआधी रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचलेलं असतं. रुग्णासोबतचा फोटो तो "टाका की" म्हणाला तरी टाकू नका.

सार्वजनिक समारंभात, स्मृतिदिनाच्या प्रार्थनेला, सगळ्या धर्मांचे लोक उभे असतात. "मी माझ्या ख्रिस्ती परंपरेतून प्रार्थना करतो, तुम्ही आपापल्या श्रद्धेने मनात सामील व्हा" असं आधी सांगून मग प्रार्थना करा. दोन मिनिटांत संपवा, म्हातारी माणसं सावधान उभी असतात आणि बसायला कुणी सांगेपर्यंत बसत नाहीत.

निघताना

ओळख निघताना पूर्ण होते. "पुन्हा येईन" असं मोघम म्हणू नका. "गुरुवारी दुपारी येतो" म्हणा, आणि येता येणार नसेल असं कळलं तर आधी निरोप पाठवा. न पाळलेल्या शब्दांचा ढीग या माणसांनी आयुष्यभर पाहिलेला असतो. खाटेजवळच्या टेबलावर कार्ड ठेवायचं तर विचारून ठेवा, त्यावर नाव, पद, बोलावण्याचा मार्ग, आणि मागे तो आपत्कालीन नंबर. खुर्ची जिथून घेतली तिथे परत ठेवा. दार आधी जसं होतं, उघडं किंवा लावलेलं, तसंच ठेवून बाहेर पडा.